पिष्ट आणि माशाची वडी

माशाच्या वडींत पीठ मिसळलेलें आहे असें ऐकलें कीं मनांत प्रथम भेसळीची शंका येते. ही शंका अगदींच निराधार नाहीं. पण ती पुरती खरीहि नाहीं. पिष्ट केव्हां साह्य करतें आणि केव्हां फसवितें, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

जपानांत 'कामाबोको' नांवाची माशाची वडी शतकानुशतकें होत आली आहे. माशाचें मांस धुवून, त्यांत शेंकडा २-३ भाग मीठ घालून तें थंड ठेवून वाटलें, म्हणजे त्यांतील मायोसिन नांवाचें प्रथिन विरघळून चिकट लगदा होतो. तो उकडला कीं प्रथिनाचें सूक्ष्म जाळें बनतें व पाणी त्यांत अडकून राहतें. त्यामुळें येणाऱ्या लवचिकपणाला जपानी लोक 'आशी', म्हणजे पाय, असें म्हणतात.

कच्च्या पिष्टाचे कण थंड लगद्यांत नुसते पडून असतात. उष्णता ६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें चढूं लागली कीं ते भोंवतालचें पाणी शोषून फुगतात आणि जाळ्याच्या घरांत दाटून बसतात. जाळें ताणलें जातें व वडी घट्ट होते. बटाट्याच्या पिष्टाचे कण मोठे व पुष्कळ फुगणारे, म्हणून या कामीं त्याची मातब्बरी अधिक. घरच्या कटलेटांतील उकडलेल्या बटाट्याचें पिष्ट मात्र आधींच फुगलेलें असतें. तें माशाचा चुरा चिकटवून धरतें, पण आंतून ताण देत नाहीं. म्हणूनच कटलेट मऊ लागतो.

प्रमाण सुटलें, तर हाच मित्र वैरी होतो. प्रथिनाचें जाळें विरळ पडतें, वडी खळीसारखी दांतांस चिकटते आणि माशाची चव लोपते. शिवाय थंडीनें पिष्ट पुन्हां आळतें व पाणी सोडतें. त्यामुळें शीतपेटींतील वडी ठिसूळ होते.

या गोष्टीशीं आपलाहि संबंध आहे. धुतलेल्या मांसांत साखर मिसळून तें गोठवून टिकविण्याची युक्ति १९६० च्या सुमारास जपानांतील होक्काइदो बेटावर निघाली. या मांसाला 'सुरिमी' म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील राणी माशापासूनहि आज सुरिमी होते आणि परदेशीं जाते. पिष्टाच्या माफक जोडीनें अशा सामान्य माशाला मोल येतें, हा लाभच होय; परंतु माशाच्या दरानें पीठ आणि पाणी विकलें जाऊं लागलें, तर ती उघड फसवणूक ठरते.

मग परीक्षा कशी करावी? वडीची ३ मिलिमीटर जाडीची चकती कापून ती दोनदां दुमडावी. चीर पडली नाहीं, तर घडण उत्तम समजावी. परंतु या परीक्षेनें केवळ घडण कळते, माशाचें प्रमाण नव्हे. त्यासाठीं वेष्टनावरील घटकांची यादी पाहावी. भारतांत ती वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावी लागते. तेथें माशाच्या आधीं पीठ आढळलें, तर आपण मासा नव्हे, पीठ विकत घेत आहों, हें ओळखावें.