हडळीचे नियम कुणी लिहिले?

(तळेरे येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तुमच्यातल्याच एका आईने सुचवला आहे. मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली भाचरं आणि इथली मुलं-मुली मिळून भुतांचा, स्वप्नांचा एक खेळ तासन्‌तास खेळतात. "पोरांच्या डोक्यात नको ता शिरात. बंद करूचो काय ह्यो खेळ?" असे तिने विचारले. प्रश्न घरगुती आहे, पण त्याचे दुसरे टोक थेट आपल्या कामाला येऊन भिडते. म्हणून आज भुतांबद्दल बोलू. भुते आहेत की नाहीत हा वाद आज घालायचा नाही. त्यांचे नियम कोण ठरवते, एवढेच पाहायचे आहे.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, "रात्र झाली आहे, ओढ्यापलीकडे दिवा हलतोय, काय करणार?" खेळणारा आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरते. पण खरे काम त्याआधीचे असते. सूत्रधाराला एक जग रचावे लागते. तिथे कोण राहते, मेलेल्याचे काय होते, कुठला प्राणी कशाने जन्मतो, कशाला भितो, स्वप्नात दिसलेले खरे धरायचे की नाही, हे सगळे नियम आधी ठरवावे लागतात.

तुम्हा-आम्हाला हे अगदी परके वाटू नये. आपला दशावतार काय वेगळा आहे? तिथेही संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि नट रंगमंचावर उभा राहून आयत्या वेळी बोलतो. फरक एवढाच की परंपरेने तिथे राणीही पुरुष आणि राक्षसीणही पुरुषच. बाईचे बोलणे काय असावे, हे साडी नेसलेला पुरुष ठरवत आला.

या परदेशी खेळाच्या प्राण्यांचे एक पुस्तक १९७७ साली निघाले. त्यात आपल्याकडचा राक्षसही आहे, वाघाच्या तोंडाचा. आणि त्यात एक म्हातारी आहे. ती रात्री येते, झोपलेल्याला गाठते आणि त्याच्या स्वप्नांतून त्याला छळते. वाचताना मला वाटले, ही तर ओळखीची! सातासमुद्रापलीकडेही स्वप्नात शिरणारी, छातीवर बसणारी ती बाईच, आणि तीही म्हातारी.

आता आपल्या घरची यादी पाहू. इंग्रजी अमलात जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्याने लोकसमजुती गोळा करायला सुरुवात केली होती. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरे मागवली होती. त्या टिपणांवरून एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक छापले. त्यात भुतांची चांगली लांबलचक जंत्री आहे. मुंजीनंतर, लग्नाआधी वारलेला ब्राह्मण मुलगा तो मुंज्या. धनात किंवा घरात जीव अडकलेला तो समंध. बुडून किंवा खून होऊन मेलेला तो गिऱ्हा. मग बायका येतात. नवरा मागे ठेवून गेलेली ती जखीण. विधवा मेली की लावसट. बाळंत झाल्यापासून दहा दिवसांच्या आत किंवा पाळीत असताना मेली की हडळ.

ही जंत्री पुन्हा एकदा सावकाश ऐका. पुरुषाचे भूत त्याच्या राहून गेलेल्या इच्छेवरून ओळखले जाते किंवा मरणाच्या प्रकारावरून. त्याची जातही मोजली जाते. बाईच्या बाबतीत मात्र दोनच प्रश्न विचारलेले आहेत. नवरा होता का? आणि अंगावरून रक्त जात होते का? तिला काय हवे होते, हे कुणी विचारलेच नाही.

पुढची वाटणीही बघा. देवचार गावाचा राखणदार होतो, त्याला नारळ मिळतो, गाऱ्हाणे घातले जाते. वेताळ हा तर भुतांचा राजा, पण आरवलीला तो वेतोबा होऊन उभा आहे आणि भाविक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. हडळीला काय मिळते? उलटी पावले. तिचे केस हाती लागले तर ती त्या माणसाच्या घरी निमूट राबते, अशीही गोष्ट सांगतात. म्हणजे मेल्यावरही बाईची सुटका नाही, धुणीभांडी आहेतच! आपल्याकडे सातेरी आहे, माऊली आहे, भराडी आहे, हे मला मान्य आहे. पण देवी आणि हडळ यांच्या मध्ये जी साधी बाई उभी असते, तिच्यासाठी या जगात नियम कुणी केला?

आता या हडळीच्या मागे जाऊन पाहू. ती ओली बाळंतीण कशाने मेली? अति रक्तस्रावाने, बाळंतज्वराने, नाहीतर रक्तदाब वाढून आलेल्या झटक्यांनी. बाळंतज्वर बाळंतपण करणाऱ्याच्या हातांतून पसरतो आणि हात नीट धुतले तर मृत्यू घटतात, हे सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये व्हिएन्नात दाखवले होते. झटक्यांत डोळे फिरतात, दातखीळ बसते, अंग ताठते. पाहणाऱ्याला वाटते, हिला कुणीतरी धरले. एक बाळंतीण गेली की गावाने तिला हडळ केले आणि दुसरीला झटके आले की पहिलीने धरले म्हटले. दोघींनाही उपचार मिळाले नाहीत, हे मात्र गोष्टीतून गळून गेले.

हे जुने झाले म्हणून सोडता येणार नाही. २०१८-२० च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या मानाने बराच खाली आहे. यामागे नर्सबाई, आशाताई, दवाखाने आणि गाड्या आहेत. कुणा मांत्रिकाने तो खाली आणलेला नाही.

स्वप्नांचेही असेच. आपल्याकडे स्वप्नाला मान आहे. एखाद्या कर्त्या पुरुषाच्या स्वप्नात देव आला तर त्याला दृष्टांत म्हणतात. मानकरी जमतात, कौल लावतात, देवळाचे काम निघते. नव्याने बाळंत झालेली सून सांगते, "रात्री कुणीतरी छातीवर बसते, हाक मारायला जावे तर तोंडातून आवाज निघत नाही." तिला कुणी दृष्टांत म्हणत नाही. "हिला बाहेरचे लागले" म्हणतात. एकाच घरात, एकाच रात्री पडलेल्या दोन स्वप्नांची किंमत अशी वेगळी होते.

छातीवर कुणी बसल्याचा तो अनुभव खोटा नसतो. स्वप्ने पडतात त्या झोपेत आपले स्नायू ढिले असतात. त्यातच अर्धवट जाग आली तर काही क्षण हात-पाय हलत नाहीत आणि भीतीने छाती दडपते. झोप मोडत राहिली की हे जास्त होते. रात्रीतून चार वेळा बाळाला घेणाऱ्या आणि पहाटे पाणी भरणाऱ्या बाईला झोप कुठली? तिच्या स्वप्नावरचा पहिला उपाय म्हणजे बाळाला दुसऱ्या कुणीतरी घेणे. पण ती दिवसचे दिवस झोपतच नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल भलतेच काही बोलत असेल, तर तो गंभीर आजार आहे. तो बरा होतो, पण त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखादीला चेटकीण ठरवून छळणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. हा कायदा कुणाच्या देवपूजेला हात लावत नाही, हेही घरोघरी सांगा. ज्या बाईच्या अंगात येते तिला हसू नका. कितीतरी बायकांना घरात ऐकून घेतले जाण्याची तेवढी एकच वेळ मिळते.

आता पुन्हा खेळाकडे येते. गेल्या वर्षी आठवी ते दहावीच्या मुलींच्या शिबिरात आम्ही हाच खेळ खेळलो. फासे लाकडी ठोकळ्यांचे, नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. गाव कल्पित, पण त्यात घाट होता, हमरस्ता होता, खाडी होती. नियम मुलींनीच करायचे होते. हडळ समोर येताच एकीने सवयीने लढाईचा फासा उचलला. दुसरीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "थांब. तिका काय व्हया, ता आधी इचारूया."

तो त्या जगाचा पहिला नियम झाला. लढण्याआधी प्रश्न विचारायचा. मग हडळ झालेल्या मुलीला उत्तर देणे भाग पडले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "गाडी उशिरा इली. कोणी पैसे देवचे, ह्येच्यावर घरात वाद चललो." हे उत्तर तिला आम्ही शिकवलेले नव्हते. दुसरा नियम असा झाला की स्वप्न कुणालाही पडो, ते सगळ्यांनी ऐकायचे आणि त्याचा अर्थ ज्याला पडले त्यानेच सांगायचा. लावसट रंगवणाऱ्या मुलीने तिला एकच वर मागितला, रोज दुपारी दोन तास कुणी हाक मारायची नाही. सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, "माझे आयेकपण ह्योच वर व्हयो."

म्हणून त्या आईला माझे उत्तर असे की खेळ बंद करू नका, शेजारी जाऊन बसा. २०१६ पासून 'रात्रीस खेळ चाले' मालिकेने आपल्या सिंधुदुर्गातली भुते घराघरात नेली, २०२४ मध्ये मुंज्यावर हिंदी सिनेमा आला. भुते पोरांच्या डोक्यात आहेतच. आपण विचारायचे ते हे की तुमच्या जगातल्या चेटकिणी सगळ्या बायकाच का? म्हाताऱ्याच का? त्या कशा मेल्या? तिथे स्वप्न कुणाचे खरे धरतात?

आणि हेच प्रश्न आपल्या वाडीतही विचारायचे. प्रत्येक गटाने तीन कामे घ्यावीत. आपल्या वाडीत हडळ म्हणून जिची गोष्ट सांगतात, ती कोण होती आणि कशाने गेली, हे म्हाताऱ्या बायकांकडून समजून घ्यावे. नाव बाहेर सांगू नये, कारण लिहून ठेवावे. गरोदर बाईच्या घरी सातव्या महिन्यातच ठरवून घ्यावे की गाडी कुणाची, पैसे कुणाकडे, सोबत कोण, आणि १०८ ला फोन कोण लावणार. आणि बाळंतिणीने स्वप्न सांगितले तर अंगारा आणायला धावण्याआधी तिला विचारावे, "बाय, किती दिवस झोपली नाहीस?"

माझे बोलणे संपले. आता तुम्ही आपापल्या वाडीचे सांगा.