अंगणातलं खगोलशास्त्र

2025च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत भरलं होतं. … अशा स्पर्धेची तयारी मंद्रूपसारख्या गावात राहून सुरू करता येईल का? नक्की येईल. … कारण स्पर्धेत नुसता लेखी पेपर नसतो. आकाशनिरीक्षणही तपासलं जातं. अंगणात सरळ काठी रोवा. दुपारची सर्वांत आखूड सावली रोज मोजा. … मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी ती काठीच्या बुडाशीच गडप होते. या नोंदींवरून गावाचा अक्षांश काढता येतो. … भूविज्ञानाचं निरीक्षणही असंच गावात करता येतं. नव्या विहिरीचं खोदकाम लांबून बघा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. लाव्ह्याच्या खडकाची माती कशी होते, ते एकाच जागी दिसतं.

पालक म्हणतील, पण गणिताचं काय? शंका रास्त आहे. … गणित पक्कं हवंच. निरीक्षण त्याची जागा घेत नाही. मात्र स्वतः मोजलेल्या सावलीवरून त्रिकोणमिती लवकर उमगते. … दुर्बीण नाही? सुरुवातीला नकोच. नक्षत्रं डोळ्यांनीच ओळखायची असतात. … तेव्हा पुन्हा सांगते, तयारी गावातच सुरू होते. खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडची पहिली चाळणी परीक्षा साधारण नोव्हेंबरात असते. नावनोंदणी त्याआधीच होते. विज्ञानाच्या शिक्षकांना आत्ताच विचारून ठेवा.