लावा पाळताय? आधी हे ऐका



रानातले तितर-लावे पकडून पाळू नका…
वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.
फार्मवरचा जपानी लावा वेगळा.

रोग मात्र लावा-कोंबडी असा भेद करत नाही.
२००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला…
शेडच्या शेड रिकाम्या झाल्या.

म्हणून लावे आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका.
शेडला जाळी लावा.
शेडची चप्पल शेडमध्येच ठेवा. (कंटाळा येतो, पण ठेवाच!)

कोंबडीचा तुरा निळा पडला…
डोकं सुजलं…
पटापट मरतूक सुरू झाली…
तर पक्षी विकू नका, कापू नका.
ओढ्यात तर मुळीच टाकू नका.

कळवा.
ग्रामपंचायतीला, पशुवैद्यकीय दवाखान्याला, लगेच कळवा.
प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने ते मालकावर बंधनकारकच आहे.