गाडी थांबते तेथे



इंग्लंडातील सेव्हर्नकाठचा लोहमार्ग 1963 मध्ये उतारूंना बंद झाला. हौशी लोकांनी वर्गणी व श्रम देऊन 1970 साली त्यावर पुन्हा गाडी आणली. आज त्याच्या किडरमिन्स्टर स्थानकात मद्यगृह आहे. पिंपातच मुरणारी तेथील ‘एल’ बिअर घेऊन लोक गाडीची वाट पाहत निवांत बसतात.

आपल्या मुळशीत आगगाडी नाही. पण लोणावळ्याहून घाट उतरून कर्जतला जा. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढासाठी मागे जादा इंजिने जोडायला गाड्या कर्जतला थांबत आल्या, आणि त्या थांब्यावरच तेथील बटाटेवडा नावारूपाला आला.

जुने स्थानक जपायचे, तर तेथे घटकाभर टेकावेसे वाटले पाहिजे. चवीने ममत्व जडते. वर्गणी त्यातूनच निघते.