पारपत्राचे बासन

(आपल्या शिंपी ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक रोड येथे दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. शिक्षण, संघटन, विवाहातील खर्च या थोर विषयांवर अधिकारी वक्ते बोलतीलच. आम्ही आयुष्यभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेतलेले मॅट्रिक शिक्षक. म्हणून विषयही हाताच्या पंजाएवढाच घेतला आहे. शिवणकामातून उरलेल्या तुकड्यांची, पारपत्र व प्रवासाचे कागद ठेवण्याजोगी घडीची पिशवी कशी शिवावी, आणि ती आपल्याच घरांतून का शिवली जावी, एवढेच सांगावयाचे आहे.

नाशिक रोडकरांना पारपत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातला पासपोर्ट, परका नाही. येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभी राहिली. तत्पूर्वी आपल्या देशाची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. ती पुढे येथे छापली जाऊ लागली. भारतीय नागरिकाच्या पारपत्राची पुस्तिकाही याच छापखान्यात तयार होते. २०२४ सालापासून चिप बसविलेली इलेक्ट्रॉनिक पारपत्रे देण्यास आरंभ झाला. त्या पुस्तिकांचे जन्मस्थानही हेच. दुबईत, लंडनात वा टोरांटोत आपला माणूस अधिकाऱ्यापुढे जी पुस्तिका ठेवतो, ती आपल्या गावाहून गेलेली असते. मात्र तिच्या अंगावरचे वस्त्र बहुधा बाजारातले, प्लॅस्टिकचे असते. ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या गावाला अंगभर कपडे घातले, तिच्या गावची ही पुस्तिका परक्या वेष्टनात जावी, याचे आम्हांस नवल वाटते.

कागद कापडात जपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पोथीला बासन असते. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले असल्यामुळे पुण्याच्या पुराभिलेखागारात त्या गठ्ठ्यांना आजही ‘रुमाल’ असेच म्हणतात. ‘दप्तर’ हा शब्दच पाहा. सरकारी कागदांचा संग्रह तेही दप्तर, आणि शाळेतल्या पोराच्या खांद्यावरची पिशवी तेही दप्तर! प्रवासाचा परवानाही आपणांस नवा नाही. मराठेशाहीत वाटेवरच्या चौक्यांसाठी ‘दस्तक’ घ्यावे लागे. इंग्रजी अमदानीत १९२० साली पारपत्राचा कायदा झाला आणि आज चालतो तो कायदा १९६७ चा आहे. परवान्याचे नाव पालटले, रूप पालटले. तो जपून नेण्याची गरज मात्र कायम राहिली.

आता तुकड्यांकडे वळू. शिंप्याच्या घरी कातरणाला तोटा नसतो. पूर्वी चांगला कारागीर उरलेले कापड गुंडाळून गिऱ्हाइकास परत करी आणि त्यातच आपली अब्रू समजे. कारण शिंपी कापड चोरतो असा टोमणा जगाने आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या मारलेला आहे. परत करण्याजोगे नसत ते वीत-दीड वितीचे तुकडे घरी राहत. त्यांतून गोधड्या होत, बाळाची टोपडी-दुपटी होत, पानसुपारीची चंची होई, बटवा होई. आज तेच तुकडे पोत्यात भरून घंटागाडीत जातात. आपल्या कित्येक घरांत शिवणयंत्र आहे. परंतु त्यावर शोभेच्या कुंड्या ठेवलेल्या दिसतात.

काही तरुण मंडळींचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ती म्हणतात, “गुरुजी, आता आम्ही अभियंते झालो, संगणकावर काम करतो. चिंध्यांची आठवण कशाला?” त्यांचा हा संकोच आम्ही समजू शकतो. चिंधी हा शब्दच समाजाने हिणविण्यासाठी वापरला. परंतु संत नामदेव महाराजांनी आपला व्यवसाय लपविला नाही. सुई, दोरा, कातर, गज यांना त्यांनी भक्तीच्या भाषेत स्थान दिले. ते पंढरपूरहून पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले. आणि त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. त्याच घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले. दूरदेशी जाऊन मान मिळविण्यास हातातली सुई आड येत नाही, याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम माप. पारपत्राची पुस्तिका साडेबारा सेंटिमीटर उंच आणि ८.८ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे सुमारे पाच इंच बाय साडेतीन इंच. विमानाचे तिकीट, व्हिसाचे पत्र, विम्याचा कागद हे बहुधा ए-फोर आकाराच्या कागदावर छापलेले असतात. त्या कागदाची चौघडी सहा इंचांस किंचित कमी उंच आणि चार इंचांहून किंचित अधिक रुंद होते. म्हणून पिशवी उघडली असता दहा इंच रुंद व साडेसहा इंच उंच असावी आणि पुस्तकासारखी मधोमध मिटावी. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी धरून अकरा बाय साडेसात इंचांचे बेतावे.

कापड बेतण्यापूर्वी धुऊन घ्यावे. नवे सुती कापड आटते. जुने आटून गेलेले असते. दोन्ही न धुता जोडली तर पहिल्याच धुण्यात पिशवीला सुरकुती पडते. गडद तांबड्या-काळ्या तुकड्यावर ओली पांढरी चिंधी घासून पाहावी. तिला रंग लागला तर तो तुकडा बाजूस ठेवावा. कारण तोच रंग घामाच्या हाताने पुस्तिकेला लागेल. बाहेरच्या अंगास शाळेच्या गणवेशाची खाकी, पाटलोणीचे कापड, जाड सुती असे दणकट तुकडे घ्यावेत. येवल्याच्या पैठणीचा वा खणाचा एखादा काठ शोभेला जरूर लावावा. मात्र रेशमी तुकडा निसरडा असतो, त्याला आधी सुती कापडावर धावदोरा घालून मगच टीप मारावी. सर्व तुकड्यांचा उभा धागा एकाच दिशेस ठेवावा. जोडल्यावर दीड इंचाहून कमी दिसेल असा तुकडा घेऊ नये. त्यात शिवणच फार होते आणि पिशवी गाठाळते.

तुकडे जोडून इस्त्री केली की बाहेरचे अंग तयार झाले. आत बकरम घालण्याचा मोह होईल. आमचे मत असे की, त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी घालावी आणि गोधडीसारखे ओळीने धावदोरे मारावेत. पिशवी मऊ राहते, घडीवर मोडत नाही, आणि आजीच्या लुगड्याचा तुकडा नातवाबरोबर समुद्रापार जातो.

अस्तरावर दोन खिसे लावावेत. पारपत्राच्या खिशासाठी साडेपाच इंच रुंद व नऊ इंच उंच तुकडा घेऊन तो उंचीत दुमडावा. दुमड वर ठेवावी, म्हणजे कड उसवत नाही. मिटणाऱ्या घडीकडील कड अर्धा इंच आत मुडपून तेथे टीप मारावी. बाहेरील व खालील कड पिशवीच्या शिवणीत येते. खिसा चार इंच खोल होतो आणि पुस्तिकेचे डोके पाऊण इंचाहून थोडे अधिक वर राहते, ते चिमटीत धरता येते. दुसरा खिसा कागदांचा. त्याचा तुकडा तितकाच रुंद पण अकरा इंच उंच घ्यावा, म्हणजे तो पाच इंच खोल होईल. पारपत्राला घट्ट खोळ मात्र शिवू नये. तपासणीच्या वेळी अधिकारी पुस्तिका बाहेर काढावयास सांगतात, आणि मागे रांग असता खोळ ओढीत उभे राहणे बरे नव्हे.

मग अस्तर व बाहेरचे अंग सुलट बाजू समोरासमोर ठेवून चोहोबाजूंनी टीप मारावी. खालच्या कडेस चार इंच जागा मोकळी सोडावी, कोपरे कातरावेत, पिशवी उलटवावी, इस्त्री करावी आणि मोकळी जागा हाताने शिवून टाकावी. बंद करण्यास कापडी बटण व त्याच कापडाचा फासा पुरे. लोहचुंबकाचे बटण नको. बँकेच्या कार्डावरील काळ्या पट्टीस ते मारक ठरू शकते. आणि काम संपताच टाचण्या मोजाव्यात! चिप बसविलेल्या पुस्तिकेस टोचणे, वाकविणे, तिला स्टेपलरची पिन मारणे वर्ज्य आहे. शिंप्याच्या घरच्या पिशवीत टाचणी सापडली तर ती आपलीच नामुष्की.

वापराविषयी दोनच सूचना. आफ्रिकेतील काही देशांस जाणाऱ्याने पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला याच पिशवीत ठेवावा. पारपत्राची छायाप्रत मात्र हिच्यात न ठेवता सामानाच्या बॅगेत ठेवावी. पिशवी हरवली तर परमुलखात पोलिसांत वर्दी देऊन भारतीय वकिलातीत जावे लागते. तेव्हा ती प्रत उपयोगी पडते. दोन्ही एकत्र हरवली तर ती काढून ठेवण्यात अर्थ काय राहिला?

कोणी विचारील की, बाजारात थोड्या पैशांत तयार पाकीट मिळते, मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर सरळ आहे. तयार कपड्यांनी आपला धंदा आटविला. त्यास आपला इलाज नव्हता. पण धंद्याबरोबर हातही गेला, तो आपल्या निष्काळजीपणाने. ज्यांच्या आजोबांनी नुसत्या नजरेने अंगरखा बेतला, त्या नातवंडांना तुटलेले बटण लावता येत नाही. परदेशात गेल्यावर तेथे साध्या दुरुस्तीस किती मोजावे लागते, ते घरी आलेल्यांनाच विचारा. ही कला पोट भरण्यासाठी आता लागत नसेल. परंतु माप घेणे, बेतणे, धीराने सरळ टीप मारणे आणि चुकली तर उसवून पुन्हा शिवणे, हे शिक्षण कोणत्याही शाळेहून कमी नाही. ते घरात फुकट मिळत असता आपण दारात आलेली गंगा परत पाठवितो.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. शाल कपाटात पडते, श्रीफळ प्रसादात जाते. यापुढे त्याबरोबर अशी एक पिशवी द्यावी. प्रत्येक सभासद कुटुंबाने वीतभर स्वच्छ तुकडा मंडळाकडे आणून द्यावा आणि सुटीत मुलांचा वर्ग भरवून तीत शिवणकाम व्हावे. वर्ग मुलींपुरता ठेवू नये. आपल्या ज्ञातीत यंत्रावर पुरुष बसत आले आहेत. मुलांनी लाजण्याचे कारण नाही. शिकविण्यास ज्यांचे हात अजून चालतात असे वृद्ध कारागीर आपल्यात आहेत. ते फार दिवस असणार नाहीत, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे.

अशी पिशवी घेऊन जाणाऱ्या मुलाला परमुलखात कोणी विचारले, “ही कोठे मिळाली?” तर त्याने न अडखळता सांगावे, “आमच्या घरची आहे. आम्ही शिंपी.” एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर आजचे आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.