तिकीट फुकट, पण फाट्यापर्यंत कसं जायचं?

आज जरा आजीबद्दल बोलतो.

आजी ७९ वर्षांची, राहते पाटण तालुक्यातल्या एका वाडीत. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. आधार कार्ड दाखवायचं, बसायचं. चांगलीच योजना आहे. तिला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी आनंदाने फोन केला, तर म्हणाली, "गाडी फुकट हाय रं बाळा, पण फाटा तीन किलोमीटर हाय. त्याचं काय?"

बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला तालुक्याला जावं लागतं. जाताना उतार, येताना चढ. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरलं की माणसं मागे लटकतात. आजी कशी लटकणार? शेजारचा पोरगा बाईकवर सोडतो, पण मागच्या पावसाळ्यात तो कामाला मुंबईला गेला. आजीने अकरा दिवस गोळ्याच घेतल्या नाहीत. मला हे कळलं शेजारच्या काकूंकडून, तेही दिवाळीत.

मी चिडलो. "फोन का नाही केलास?"

"तू पुण्यात. फोनमधनं येणार हुतास व्हय?"

यावर काय बोलणार?

आता वाडीतल्या चार आज्या मिळून बाजारच्या दिवशी एक रिक्षा सांगतात, फाट्यापर्यंत न्यायला-आणायला. पैसे आम्ही नातवंडं वाटून पाठवतो. रिक्षावाले दादा एसटीत चढवूनही देतात, कारण ती पहिली पायरी आजीच्या गुडघ्याएवढी! आत शिरली की मात्र आजीला खिडकीच लागते.

तुमच्या आजी-आजोबांना फाट्यापर्यंत कोण सोडतं? आज फोन करून विचारा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा.