मनोरुग्णाच्या हाताला काम

विषमज्वरातून उठलेल्या माणसाला शेजारीपाजारी विचारतात, ‘कामावर केव्हा जाणार?’ मनाच्या आजारातून सावरलेल्याला मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरची माणसे त्याच्या औषधांच्या वेळा सांभाळतात आणि ‘आता तू स्वस्थ बस’ असे मायेने सांगतात. माया खरीच, परंतु तिच्यापायी ऐन उमेदीतला माणूस घराच्या कोपऱ्यात कायमचा बसतो आणि आजार ओसरला तरी रोगीपण ओसरत नाही.

काम हे मनावरचे औषध आहे, ही जाण जुनीच आहे. मनोरुग्णालयांतून हातमाग, बागकाम यांसारखी कामे पूर्वीपासून चालत आली. पण ते काम भिंतीच्या आतले. तेथे विणलेली सतरंजी बाहेर जाई. विणणारा आतच राही.

न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली फाउंटन हाउस ही संस्था निघाली. इस्पितळातून बाहेर पडलेल्या रुग्णांनी परस्परांच्या आधारासाठी जमविलेले मंडळ तिच्या मुळाशी होते. जॉन बिअर्ड १९५५ साली तेथे संचालक झाले आणि पुढे एक व्यवहारी व्यवस्था रूढ झाली. बाहेरच्या पेढीत संस्थेने एखादी जागा मिळवावयाची. तेथील काम प्रथम कार्यकर्त्याने शिकावयाचे आणि मग सभासदाच्या हाती सोपवावयाचे. सभासद एखादे दिवशी आला नाही, तर कार्यकर्ता त्याच्या जागी उभा राहतो. मालकाचे काम अडत नाही, आणि मग त्याची भीतीही ओसरते.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतच रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. तोवरचा शिरस्ता असा की, रुग्णाने आधी पुरते बरे व्हावे, मग प्रशिक्षण घ्यावे आणि शेवटी नोकरी शोधावी. या पायऱ्या चढण्यातच पुष्कळांची वर्षे सरत. त्यांनी क्रमच उलटा केला. ज्याला काम हवे आहे, त्याला त्याच्या आवडीचे, इतरांइतक्याच वेतनाचे काम शोधण्यास लगेच साहाय्य द्यावयाचे, शिकणे कामावरच. नोकरी मिळवून देणारा कार्यकर्ता उपचार करणाऱ्या पथकातच असतो, आणि नोकरी लागल्यावरही साथ सोडीत नाही.

युरोपातील सहा शहरांत ३१२ रुग्णांवर या पद्धतीची पारख झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. नव्या पद्धतीतील ५५ टक्के, तर जुन्या पद्धतीतील २८ टक्के लोकांना निदान एक दिवस तरी काम मिळाले. कसोटी माफक होती, आणि जवळजवळ निम्मे लोक तरीही रिकामेच राहिले, हे विसरता येत नाही. परंतु कामाच्या ताणाने आजार उलटेल, ही भीती खरी ठरली नाही. पुन्हा इस्पितळात जाण्याचे प्रमाण नव्या पद्धतीत कमीच आढळले.

आपल्या देशात चेन्नईला १९८४ साली डॉ. शारदा मेनन यांनी स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने उपचाराला व्यवसायशिक्षणाची जोड दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. त्यांतील एक टक्का मानसिक आजार व इतर काही प्रकार यांच्यासाठी मिळून आहे. येथे रुग्णापुढे पेच पडतो. प्रमाणपत्र दाखवावे, तर आजार चारचौघांत उघड होतो. लपवावा, तर सवलत नाही, आणि दुपारची गोळी घेण्यासही आडोसा शोधावा लागतो. शिवाय बहुतेकांची पोटापाण्याची कामे शेतात, दुकानात, कारखान्यात. तेथवर हे आरक्षण पोहोचत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. डॉक्टर जिल्हा रुग्णालयात बसतात. नोकऱ्यांची नोंद सेवायोजन कार्यालयात होते. या दोन दारांमध्ये रुग्णाबरोबर चालणारा माणूस बहुधा कोणी नेमलेला नसतो. तो नेमणे, ही शासनाच्या आवाक्यातील गोष्ट आहे.

मालकाकडूनही फार मोठी अपेक्षा नाही. औषधाच्या गुंगीमुळे सकाळी तासभर उशिरा येण्याची मुभा, तपासणीसाठी महिन्यातून एक दिवस रजा, आणि काम नीट समजावून सांगणारा एखादा वडीलधारा सहकारी. एवढ्याने पुष्कळदा भागते. महिनाअखेरीस स्वतःच्या कमाईचे चार पैसे आईच्या हातावर ठेवणाऱ्या मुलाला घरात कोणी ‘तू स्वस्थ बस’ असे म्हणत नाही.